कमरेची खूण

वहीच्या पहिल्या पानावर माझंच अक्षर आहे:
शेअर साठ, ठेवी नि रोखे चाळीस.
खाली लाल पेनाने:
पाचाने हललं की हात घालायचा.
सही केलीय. तारीखसुद्धा.
स्वतःशी करार करताना साक्षीदार कुठून आणणार,
म्हणून जेलरोडच्या या स्वयंपाकघरात
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला तो केला.

पासष्ट झाले तेव्हा म्हटलं, दिवाळी होऊ दे.
अडुसष्टला म्हटलं, तिमाहीचे आकडे येऊ देत.
आज बहात्तर.
आणि मी सकाळपासून मेथी निवडतेय.

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई सरकलेली, आकडा तिरका,
कडेला केसभर वाकडं कापलेलं,
बोट ठेवलं की कळायचं. काढून बाजूला.
तिथे कधी म्हटलं नाही,
थांबा, ही अजून सुधारेल.

पण हा सातपूरचा व्हॉल्व्हचा कारखाना!
एकशे दहाला घेतला,
कांचन गांगुर्डेचा मुलगा तिथे लागला म्हणून.
दुसरं कारण नव्हतं. अभ्यास वगैरे झूठ.
आज चारशे ऐंशी.
घरात एकच पोर पहिलं आलंय,
आणि त्यालाच म्हणायचं, तू जरा कमी जेव,
तुझ्या ताटातलं या मठ्ठ रोख्यांना वाढते?
पुतण्या फोनवर सांगतो,
काकू, पळत्या घोड्यावरून कुणी उतरतं का?
म्हटलं, तुझं लग्न ठरलं का ते आधी सांग.

दादा सराफ बाजारात कुलथ्यांकडे मुनीम.
नदी फुगली की मालक गादीवरूनच विचारायचे,
‘मारुती कुठवर?’
एखादं पोर घाटाकडे धावत जाऊन यायचं.
दुतोंड्याच्या घोट्याला.
गुडघ्याला.
‘कमरेला!’ ऐकलं की दादा लेखणी ठेवायचे,
बेरीज अर्धी असली तरी.
पेट्या, तराजू, चोपड्या, सगळं माडीवर.
आभाळाकडे बघायचे नाहीत,
गंगापूरहून किती सोडलंय, विचारायचे नाहीत.
शेजारचे म्हणायचे, अहो, छातीला तर लागू द्या.

सातांतून पाच वेळा पाणी कमरेवरूनच उतरलं.
पाचही वेळा पेट्या पुन्हा खाली आणल्या,
आणि घरी येऊन पाठ शेकत बसले.
एकदा मी विचारलं, परकर-पोलक्यातली:
चुकलंच ना मग?
म्हणाले, ‘खूण कोरड्या पायांनी ठरवली होती.
ओल्या पायांनी बदलायची नाही.’
उरलेल्या दोन वेळांबद्दल
ते कधीच काही बोलले नाहीत.

आता एक अडचण:
यातले काही शेअर मागून घेतलेले,
त्यांना वर्ष भरायला एकोणीस दिवस आहेत.
थांबले तर कर कमी पडतो.
हे कारण खरं आहे.
म्हणूनच मला त्याची भीती वाटते.
दिवाळीही खरीच होती.

तीन वाजून अकरा मिनिटं.
हात धुतले. हिरवं नखांत तसंच.
जुने होते तेवढे विकले.
दाबताना अंगठा, खोटं कशाला बोलू, थरथरला.
बहात्तरचे सहासष्ट झाले.
दादा म्हणाले असते, एक पेटी खाली राहिली.
राहिली.

बाजार मिटला तेव्हा चारशे ब्याण्णव.
घ्या!
बारा रुपये गुणिले किती, ते मी मोजलं.
दोनदा मोजलं, सवय आहे.
मग काड्या कागदात गुंडाळल्या,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकोणीस घरं पुढे जाऊन,
दुधाच्या हिशेबाशेजारी,
लाल पेनाने लिहिलं:
कमर.